क्रॉस स्टिचची पहिली पिशवी : काय घ्यायचं, काय नाही

आजच्या भागात मापं आणि नंबर बरेच आहेत आणि ते नुसते ऐकून डोक्यात राहत नाहीत. म्हणून हा मजकूर इथे दिलाय. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून फोनवर उघडा, बघा आणि मगच पैसे द्या.

विषय आहे क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीचा टाका. चौकटीच्या कापडावर एक तिरकी रेघ, तिच्यावर उलट दिशेने दुसरी तिरकी रेघ, झाली फुली. अशा शेकडो फुल्या शेजारी शेजारी भरल्या की त्यातून फूल दिसतं, मांजर दिसतं, कुणाचं तरी नाव दिसतं. पूर्ण कामात टाका एकच आणि तो पाच मिनिटांत जमतो. तरीही कितीतरी जणांच्या कपाटात अर्धवट सोडलेला एक तुकडा असतोच. माझ्याही होता. तिथूनच सुरुवात करते.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी जाहीर करून टाकलं की रुखवतात माझ्या हातची एक फ्रेम असणार. पांढऱ्या कापडावर मोर, खाली दोघांची नावं. आयुष्यात कधी सुई धरली नव्हती, पण व्हिडिओ बघून टाका जमला. ऑनलाइन शंभर रंगांच्या दोऱ्यांची पेटी मागवली, भलतीच स्वस्त. कापड घराजवळच्या मॅचिंग सेंटरमधून आणलं. 'मॅटी द्या' म्हटलं, त्यांनी दिली. सुई आईच्या शिवणाच्या डब्यातली. पाच आठवडे रोज रात्री बसून भरलं.

मोर पूर्ण झाला आणि लक्षात आलं, काहीतरी बिघडलंय. चार्टमध्ये ऐटीत उभा असलेला मोर माझ्या कापडावर आडवा पसरला होता. बदकाला पिसारा लावल्यासारखा. म्हटलं असू दे, लांबून कळणार नाही. लग्नाच्या चार दिवस आधी हातांचे डाग काढायला म्हणून ते कापड साबणाच्या पाण्यात टाकलं. दहा मिनिटांनी बघते तर पाणी गुलाबी, कापड गुलाबी आणि नावातल्या लाल अक्षरांच्या कडेने शाई फुटल्यासारखे ओघळ. ताई म्हणाली, "आधीच गुलाबी कापड घ्यायचंस ना." तेव्हा सगळे हसलो. पण ती फ्रेम रुखवतात मांडली गेली नाही.

त्यानंतर दीड वर्ष मी सुईला हात लावला नाही. आपल्या हातात कलाच नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. मग एकदा समोरच्या काकूंना ते कापड दाखवलं. त्यांनी मोराकडे बघितलंही नाही. उलटं करून मागची बाजू बघितली, पट्टी मागितली, कापडावर ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, टाके चांगले आहेत की तुझे. कापड मोजलं होतंस का?"

नव्हतं मोजलं. मोजायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

आजचा सगळा भाग त्या एका प्रश्नावर आहे. क्रॉस स्टिचचं सामान थोडंच लागतं, पण ते एकमेकांशी जुळावं लागतं, आणि ते जुळवायचं कापडापासून. कापडाचं माप कळलं की सुई कुठली, दोरा किती पदरी, चित्र किती मोठं होणार, हे सगळं त्यातूनच ठरतं. नाही जुळलं तर काम बिघडतं आणि आपण दोष हाताला देतो.

तर पहिलं, कापड.

मोजून भरायचं हे आपल्याला काही नवीन नाही. धारवाडकडची कसुती आठवा. इरकली साडीवर ती असते, आपल्याकडे अनेक घरांत अशी एखादी साडी जपून ठेवलेली सापडेल. कसुतीत चार टाके सांगतात : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे मेथी, आणि तो टाका म्हणजे आपली फुलीच. कापडावर छाप न मारता उभे-आडवे धागे मोजून हे काम करतात. साडीच्या बारीक विणीवर असे धागे मोजायला नजर तयार असावी लागते. नवशिक्याची ती नसते. म्हणून त्याच्यासाठी असं कापड असतं, ज्यात मोजणी आधीच करून ठेवलेली आहे. त्याचं नाव आयडा.

आयडा हे सुती कापड. त्यात धाग्यांचे गट अशा रीतीने विणलेले असतात की छोटी छोटी चौकोनी घरं तयार होतात आणि प्रत्येक घराच्या चार कोपऱ्यांत चार स्पष्ट भोकं असतात. एका घरात एक फुली. सुई भोकातून वर, भोकातून खाली. कुठे टोचायचं हा प्रश्नच येत नाही.

आता काउंट. आयडाच्या पाकिटावर ११, १४, १६, १८ असा एक आकडा असतो. त्याचा अर्थ एका इंचात किती घरं. १४ काउंट म्हणजे इंचाला १४ घरं, म्हणजेच १४ फुल्या. आकडा वाढला की घरं बारीक होतात. ११ वर फुल्या मोठ्या आणि ठसठशीत येतात, १८ वर नाजूक. सुरुवातीला १४ घ्या. डोळ्यांना झेपतं, चित्रही नीट दिसतं, आणि बाजारातले बरेचसे चार्ट आणि किट १४ धरूनच केलेले असतात. चष्मा असेल किंवा रात्री कमी उजेडात बसणार असाल, तर ११ सुद्धा उत्तम.

आणि मॅटी? आपल्याकडे शाळेच्या हस्तकलेत, टेबलक्लॉथवर, तोरणांवर वर्षानुवर्षं मॅटीच वापरली गेली आहे. स्वस्त असते, मऊ असते, मिळतेही सहज. माझा तिच्यावर राग नाही. पण मॅटी बऱ्याचदा ताग्यातून कापून देतात आणि काउंट कुठेच लिहिलेला नसतो. शिवाय उभ्या आणि आडव्या दिशेची घरं सारखी असतीलच असं नाही. माझ्या तुकड्यात आडव्या दिशेला इंचात ११ घरं होती आणि उभ्या दिशेला १३. अशा कापडावर १०० बाय १०० घरांचं गोल भरलं तर ते सुमारे ९ इंच रुंद आणि पावणेआठ इंच उंच होतं. गोल राहतच नाही. माझ्या मोराचं बदक झालं ते असं.

म्हणून मॅटी घ्यायची असेल तर कंपासमधली सहा इंची पट्टी बरोबर न्या. कापडावर पट्टी ठेवा, एका इंचातली घरं आडवी मोजा, मग पट्टी फिरवून उभी मोजा. घरं दिसत नसतील तर कापडाखाली फोनचा टॉर्च लावा, भोकं लख्ख दिसतात. दोन्ही आकडे सारखे आले तर घ्या. नाही आले तर ती मॅटी टेबलक्लॉथला वापरा, मोराला नको.

रंग पांढरा किंवा फिकट. काळ्या कापडावर भरलेलं फोटोत फार भारी दिसतं, कबूल, पण काळ्यात भोकं दिसत नाहीत. पहिल्या कामाला स्वतःला एवढा त्रास देऊ नका.

कापड किती घ्यायचं त्याचा हिशेब सोपा आहे. चार्टवर लिहिलेलं असतं, समजा ७० बाय ९८ फुल्या. त्याला काउंटने भागा. ७० भागिले १४ म्हणजे ५ इंच, ९८ भागिले १४ म्हणजे ७ इंच. चित्र होणार ५ बाय ७ इंचाचं. त्यात चारही बाजूंनी तीन-तीन इंच मोकळं कापड धरा, कारण रिंग बसवायला आणि पुढे फ्रेम करायला ते लागतं. म्हणजे ११ बाय १३ इंचांचा तुकडा. हाच चार्ट १८ काउंटवर भरला तर चित्र साधारण ४ बाय साडेपाच इंचांचं होईल. चार्ट तोच, कापड बदललं की माप बदलतं. आधीच तयार असलेल्या फोटोफ्रेममध्ये बसवायचं असेल तर हा हिशेब कापड कापायच्या आधी करा. नंतर करून उपयोग नाही.

कापल्यावर कडेच्या दशा निघायला लागतात, कारण वीण सैल असते. शिंप्याकडून कडेने इंटरलॉक मारून घ्या किंवा साडीला करतात तसं पिको. तेही नको असेल तर घरीच कडेने साध्या सुईदोऱ्याने मोठे मोठे टाके घाला. पाच मिनिटांचं काम आहे. नाही केलं तर दोन आठवड्यांत आपलं तीन इंचांचं मोकळं कापड अर्ध्यावर येतं.

दुसरं, दोरा. इथे मात्र पैसे वाचवू नका.

क्रॉस स्टिचला जो दोरा वापरतात तो सहा पदरी सुती दोरा. दुकानात त्याच्या छोट्या लड्या मिळतात. आपल्याकडे अँकरच्या लड्या सगळीकडे दिसतात, आणि दुसरं मोठं नाव म्हणजे डीएमसी. ही फ्रान्समधली कंपनी, मुलूझ या गावात १७४६ साली सुरू झालेली. दोन्हींची लडी साधारण ८ मीटरची असते. लडीवरच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर असतो आणि चार्टमध्ये रंगाच्या नावाऐवजी तोच नंबर दिलेला असतो. मात्र दोन्हींचे नंबर वेगवेगळे आहेत. डीएमसीचा काळा ३१०, अँकरचा काळा ४०३. चार्टवर डीएमसी लिहिलंय आणि तुमच्याकडे अँकर आहे, तर दोन्हींचे नंबर शेजारी शेजारी देणारे तक्ते ऑनलाइन मिळतात. दुकानात जायच्या आधी एक तक्ता फोनमध्ये ठेवा. तक्त्यातला जोडीचा रंग कधी कधी अगदी हुबेहूब नसतो, फक्त जवळचा असतो. म्हणून एका चित्रात शक्यतो एकाच कंपनीचे दोरे वापरा.

शंभर रंगांची पेटी घेऊ नका. माझ्या पेटीवर ना कंपनीचं नाव होतं, ना रंगांचे नंबर. त्यातला एक हिरवा संपला तेव्हा तसाच दुसरा मला कुठेच मिळाला नाही, कारण काय मागायचं तेच माहीत नव्हतं. आणि लाल रंगाचं काय झालं ते तुम्ही ऐकलंतच. पहिल्या कामाला चार-पाच रंग पुरतात. नंबर बघून तेवढ्याच लड्या घ्या. १४ काउंटवर दोन पदरांनी भरताना एका लडीत दीड हजाराच्या आसपास फुल्या आरामात होतात, त्यामुळे छोट्या चित्राला प्रत्येक रंगाची एक लडी म्हणजे डोक्यावरून पाणी. एखाद्या रंगाचा खूप मोठा भाग असेल तर मात्र त्याच्या सगळ्या लड्या एकदमच घ्या. एकाच नंबरच्या पण वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या लड्यांत थोडासा फरक पडू शकतो, आणि तो फरक कापडावर बरोबर दिसतो.

लाल, मरून, गडद निळा आणि काळा, हे रंग कुठल्याही कंपनीचे असोत, कापडाला लावायच्या आधी तपासा. दोऱ्याचा वीतभर तुकडा ओला करा, पांढऱ्या सुती फडक्याच्या किंवा टिश्यूच्या घडीत दाबून ठेवा आणि थोड्या वेळाने उघडून बघा. पांढऱ्यावर रंग आला असेल तर तो दोरा या कामाला नको. दोन मिनिटं लागतात. माझे पाच आठवडे वाचले असते.

आता वापरायचा कसा. सहाही पदर एकदम वापरायचे नाहीत. १४ काउंटवर दोन पदर, ११ वर तीन, १८ वर एक किंवा दोन. पदर सुटे करताना एका वेळी एकच पदर धरून सरळ वर ओढायचा, बाकीचे खाली गोळा होतात आणि नंतर आपोआप सरळ होतात. दोन एकदम ओढलेत की गुंता झालाच. लांबी किती? आपलं जुनं माप, एक हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण १८ इंच. सारखं ओवायला नको म्हणून आपण लांबलचक दोरा घेतो आणि मग तो पिळतो, गाठी पडतात, कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन त्याची चमकही जाते. एक हात दोरा घ्यायचा, संपला की दुसरा.

आणि गाठ मारायची नाही. गाठीमुळे फ्रेम केल्यावर पुढून फुगवटा दिसतो. दोन पदरांनी भरणार असाल तर युक्ती अशी : एकच पदर दोन हात लांब घ्या, मधोमध दुमडा आणि दोन्ही टोकं एकत्र सुईत ओवा. दुसऱ्या बाजूला जो फास तयार होतो तो कापडाच्या मागे थोडा शिल्लक ठेवून पहिली तिरकी रेघ घाला. सुई परत मागे गेली की ती त्या फासातून काढा आणि हळूच ओढा. दोरा अडकला, गाठीशिवाय. शेवटी दोरा संपवताना सुई मागच्या चार-पाच टाक्यांखालून सरकवून दोरा कापायचा.

तिसरं, सुई. आईच्या डब्यातली अणकुचीदार सुई इथे चालत नाही. ती भोकाऐवजी कापडाच्या धाग्यातच घुसते, शेजारचा टाका फाडते आणि आपलं बोटही. आपल्याला हवी टॅपेस्ट्री सुई. टोक बोथट, नेढं लांबट आणि मोठं. हिच्या नंबरांचं गणित उलटं आहे : नंबर मोठा तर सुई बारीक. १४ काउंटला २४ नंबर, ११ ला २२, १६ आणि १८ ला २६. सुई भोकातून सहज जावी पण भोक ताणून मोठं होऊ नये, ही खूण. एक छोटं पाकीट घेतलं की झालं. सुया हरवतात, आणि हरवलेली सुई गादीतच सापडते, म्हणून उठताना ती कापडाच्या कोपऱ्यात खोचायची सवय लावा. चित्राच्या भागात मात्र खोचून ठेवू नका, दमट हवेत गंजाचा डाग पडू शकतो. कोकणातले आणि मुंबईतले लोक, हे तुमच्यासाठी.

ओवताना दोऱ्याचं टोक चाटून नेढ्याशी झटापट करायची गरज नाही. दोरा सुईवर दुमडून घट्ट चिमटीत धरा, सुई काढून घ्या आणि ती दुमड नेढ्यातून आत सारा. चार-पाच वेळा करून बघा, हात बसतो.

चौथं, रिंग. भरतकामाची गोल रिंग, लाकडी किंवा प्लास्टिकची, पाच-सहा इंचांची. यापेक्षा मोठी घेतलीत तर धरून धरून मनगट दुखतं. स्क्रू सैल करायचा, आतली रिंग कापडाखाली, बाहेरची वरून, कापड सरळ ताणायचं आणि स्क्रू आवळायचा. टिचकी मारल्यावर टप असा आवाज यायला हवा. लाकडी रिंगवरून कापड सरकत असेल तर आतल्या रिंगला सुती नाडी गुंडाळून घ्या. उठताना रिंग काढून ठेवायची, हा नियम पक्का. आठवडाभर तशीच ठेवलीत तर कापडावर वळ उठतो आणि कडेला मळाची एक गोल रेघ येते. ती धुऊनही सहज जात नाही. आयडा थोडं ताठ असतं, त्यामुळे काही जण रिंगशिवाय हातातच धरून भरतात. तसं जमलं तर एक खरेदी कमी.

पाचवं, कात्री. छोटी, टोकदार, धारदार. एकदा ती दोऱ्यासाठी ठरवली की तिने दुधाची पिशवी कापायची नाही. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. घरात भांडण झालं तर याच मुद्द्यावर होईल.

सहावं, चार्ट. यासाठी सुरुवातीला पैसे द्यायची गरज नाही. डीएमसीच्या वेबसाइटवरच कितीतरी फुकट चार्ट आहेत. चार्ट म्हणजे चौकटींचा कागद. प्रत्येक चौकटीत एक खूण, आणि कुठली खूण म्हणजे कुठला नंबर ते बाजूला दिलेलं असतं. दर दहा घरांनी एक ठळक रेघ असते. कडेला बाण असतात, त्यांच्या रेघा जिथे मिळतात तो चित्राचा मध्य. कापडाची चौघडी घातली की कापडाचा मध्य मिळतो. सुरुवात तिथून करा, म्हणजे चित्र कडेला जाऊन कापड संपत नाही. फोनवर चार्ट मोठा करून बघता येतो हा आपला फायदा. भरून झालेल्या चौकटी फोटो एडिटरमध्ये रंगवत गेलात तर आपण कुठे होतो हे शोधावं लागत नाही.

मोजणी चुकण्याची भीती असेल तर कापडावर दर दहा घरांवर साध्या शिवणाच्या दोऱ्याने उभा-आडवा धावदोरा घालून घ्या. चार्टवरच्या ठळक रेघा कापडावर आल्या. काम झालं की तो ओढून काढायचा. यासाठी खास पेनंही मिळतात, पण काहींची खूण इस्त्रीच्या उष्णतेने पक्की बसते. धावदोऱ्याला तो धोका नाही.

झालं. हीच पिशवी. १४ काउंट आयडा, चार-पाच लड्या, २४ नंबरच्या सुया, सहा इंची रिंग, छोटी कात्री आणि फोनमध्ये एक चार्ट. ठेवायला श्रीखंडाचा रिकामा डबा. दोरे गुंडाळायला जुन्या बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापा आणि प्रत्येकावर रंगाचा नंबर लिहा. सोबत लडीवरची कागदी पट्टीही जपा. ती फेकली की तुमचीही बिननावाची पेटी झाली समजा.

आत्ता काय घेऊ नये? मोठा स्टँड, भिंगाचा दिवा, खणाखणांची पेटी, चकाकणारे मेटॅलिक दोरे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तीस हजार फुल्यांचं निसर्गचित्र. या गोष्टी वाईट नाहीत. पण त्या नक्की हव्यात का, हे पहिल्या दोन कामांनंतरच कळतं. मेटॅलिक दोरा तर जुन्या हातांनाही छळतो. पुण्यात असाल तर तुळशीबाग आणि रविवार पेठेत एक चक्कर मारा, बाकी ठिकाणी गावातलं मॅचिंग सेंटर किंवा भरतकामाचं सामान ठेवणारं दुकान शोधा. पहिल्यांदा तरी प्रत्यक्ष जाऊनच घ्या. कापड हातात धरून मोजता येतं, ते स्क्रीनवर येत नाही.

पहिलं काम काय करायचं? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बॉस्टॉक नावाच्या बाईने १५९८ साली भरलेला एक तुकडा आहे. ज्यावर साल भरलेलं आहे अशा ब्रिटनमधल्या नमुन्यांत तो सर्वांत जुना मानतात. त्यावर अक्षरं आहेत, प्राणी आहेत, वेलबुट्टी आहे. अशा तुकड्याला सॅम्प्लर म्हणतात. छापील चार्ट हाताशी नसायचे, तेव्हा टाके आणि नक्ष्या अशा कापडावर भरून ठेवायचे आणि पुढे त्यावरून बघून काम करायचे. म्हणजे भरतकामाची वहीच. तुम्हीही अशी वही करा. आधी १० बाय १० फुल्यांचा एक चौकोन. तोच चौकोन शेजारी तीन पदरांनी, त्याच्या शेजारी एका पदराने. किती पदर भरगच्च दिसतात आणि किती विरळ, ते स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. एवढंच सांभाळा की प्रत्येक फुलीची वरची रेघ एकाच दिशेला झुकली पाहिजे. चार फुल्यांची रेघ उलटी गेली तर उजेडात तेवढा भाग वेगळाच चमकतो.

मग आपल्या नावाचं पहिलं अक्षर. गणिताची चौकटीची वही घ्या आणि त्यात पेन्सिलीने चौकटी रंगवून अक्षर बसवा. देवनागरी यासाठी फार सोयीची आहे. शिरोरेषा म्हणजे फुल्यांची एक सरळ ओळ, काना म्हणजे एक उभी ओळ. प, म, ग पटकन बसतात. अ आणि क च्या गोलाईला जरा जास्त चौकटी द्याव्या लागतात. साताठ चौकटी उंचीपासून सुरू करा, अक्षर ओळखू येत नसेल तर वाढवा.

झालं की धुवायचं. गार पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि थोडं दमट असताना उलट्या बाजूने, टॉवेलवर पालथं ठेवून इस्त्री करायची. आणि तपासूनही रंग सुटलाच, तर घाबरून वाळत घालू नका. वाळला की डाग बसतो. पाणी नितळ येईपर्यंत गार पाण्यात खळबळत राहा. मी नेमकी उलटी चूक केली होती. रडत रडत ते कापड गॅलरीत उन्हात टाकलं होतं.

मोर अजून माझ्याकडे आहे, गुलाबी आणि आडवा. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी तो बाहेर काढून परत मोजला. आडवी ११, उभी १३. आणि टाके खरंच बरे आहेत हो. गेल्या वर्षी ताईच्या मुलीच्या बारशाला १४ काउंटवर तिचं नाव भरून दिलं, लाल रंगातच. आधी फडक्यात दाबून तपासलं होतं. ते कापड आत्तापर्यंत तीनदा धुतलंय आणि पांढरंच आहे.

या आठवड्याचा तुमचा अभ्यास : घरात एखादा जुना मॅटीचा टेबलक्लॉथ किंवा तोरण असेल तर ते काढा आणि एका इंचात किती घरं आहेत ते दोन्ही दिशांनी मोजा. ज्यांनी ते भरलं, त्या घरात असतील तर त्यांना विचारा की दोरा कितीपदरी होता. पुढच्या भागात चुकलेला टाका कापड न फाडता कसा उसवायचा ते सांगणार आहे, कारण पहिल्या आठवड्यात तुम्हाला त्याची गरज पडणारच. तोपर्यंत पट्टी पिशवीत ठेवा. भेटूच!